धडगावच्या बाळंतिणींचा अभ्यास आणि ‘समाजाचा सहभाग’: नक्की काय करायचं असतं?

अमळनेरची_लेक

नमस्कार मंडळी. मी जळगावला नर्सिंग कॉलेजात शिकवते. पीएचडीसाठी नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुका घेतलाय: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पावरा आणि भिल्ल समाजातल्या गरोदर बायका, आणि बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत त्यांना मिळणारी देखभाल. प्रश्नावली तयार आहे, मराठीत छापलीही आहे. (खाली जोडली आहे, बघा.)

गाईड सर म्हणाले, ‘समाजाचा सहभाग’ यावर दोन परिच्छेद टाकून दे, हल्ली एथिक्स कमिटीला लागतात. ते दोन परिच्छेद शोधायला बसले आणि भलतीकडेच जाऊन पोचले. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांच्या मातृआरोग्यावर जे काम चाललंय त्यात शिरले, आणि आता रात्री झोप नाही. २०२३ साली तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बायकांत १४.५ मातामृत्यू आणि कृष्णवर्णीय बायकांत ५०.३. मला वाटलं गरिबी असेल, शिक्षण कमी असेल. तर तसंही नाही. तिथल्या सरकारी अभ्यासात पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा धोका पदवीधर गोऱ्या बाईच्या पाचपट निघाला. एवढंच नाही, शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षाही जास्त!

त्या लेखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. अभ्यासाच्या चमूत त्याच वस्तीतल्या आया, आज्या, दाई बसवलेल्या असतात, माहिती द्यायला नाही तर अभ्यास ठरवायला. हे प्रत्यक्षात कसं करतात? त्यांना पैसे देतात का? आणि आपल्याकडे सातपुड्यात हे जमेल का, की सिनॉप्सिसपुरतं (पीएचडीच्या आराखड्यापुरतं) लिहून मोकळं व्हावं? अनुभवी लोकांनी सांगावं. टोमणे मारलेत तरी चालतील, सासरी सवय झाली आहे.

पारोळा_पॅसेंजर

टोमणाच मारतो मग. अमेरिकेच्या बायकांचं धडगावात काय काम? नमुना घ्या, टक्केवारी काढा, पदवी घ्या. सिनॉप्सिसमध्ये ‘सरपंच व अंगणवाडी सेविका यांच्याशी चर्चा करण्यात आली’ असं एक वाक्य टाकलं की झालं. माझंही तसंच झालं होतं, विषय केळीवरचा करपा होता म्हणून सोडा.

पपईवाली_शहादा

करप्याला मत नसतं हो दादा, बाईला असतं.

ताई, मी मूळची शहाद्याची. काही वर्षं अमेरिकेत, अटलांटात अशाच एका अभ्यासात कामाला होते. बैठका लावायच्या, नोंदी ठेवायच्या, फोन करायचे. आता घरची पपई बघते. तुमची प्रश्नावली उघडून वाचली, तिथूनच सुरू करते.

प्रश्न तेविसावा: ‘दवाखान्यात प्रसूती न करण्याचे कारण काय?’ पर्याय: अज्ञान, अंधश्रद्धा, घरच्यांचा विरोध, इतर. आता बघा, रस्ता, गाडी, रेंज, बंद उपकेंद्र, सिस्टरचं बोलणं, ही सगळी मंडळी ‘इतर’च्या एका चौकोनात कोंबलीत. बाईला मात्र तीन चौकोन दिलेत. चौकशी सुरू व्हायच्या आत आरोपी ठरला.

अटलांटात आमच्याकडेही असाच एक प्रश्न होता. ‘गरोदरपणातली तपासणी उशिरा का सुरू केली?’ पर्यायांत ‘गरज वाटली नाही’, ‘माहीत नव्हतं’, वगैरे. विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेला, जुन्या अभ्यासांतून घेतलेला, कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. सल्लागार मंडळाच्या बैठकीत तो आला. मंडळात एक दाई होती, एक शहर बस चालवणारी बाई, लेकीच्या मागे नातू सांभाळणारी एक आजी, अशा सगळ्या. बसवाल्या बाईनं कागद हातात घेतला, पेनानं प्रश्नावर काट मारली आणि म्हणाली, “मी आठव्या आठवड्यात फोन केला होता. मेडिकेडचं कार्ड यायचं होतं, आणि कार्ड नाही म्हणून मला तारीख देईनात. यात माझा उशीर कुठला?” मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा तिथला सरकारी विमा. मग त्या जागी दोन प्रश्न आले. पहिला फोन कधी केलात? पहिली तारीख कधीची मिळाली? या दोन्हींमधलं अंतर हाच पुढे त्या प्रकरणाचा कणा झाला. एवढं एक जरी समजलं तरी तुमचे दोन परिच्छेद लिहून होतील.

वस्तीतल्या बायकांना सोबत घेण्याचं हे लोण तिथे उगाच नाही आलं. कृष्णवर्णीय समाजाचा संशोधकांवर विश्वासच नव्हता, आणि का असावा? १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अलाबामातल्या मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर टस्कीगीचा अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, आणि पेनिसिलिन मिळायला लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघायचं होतं म्हणून. बाळंतपणाच्या शास्त्राचा इतिहास तर त्याहून जुना. जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनं १८४० च्या दशकात गुलाम बायकांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी, लूसी ही तीन नावं तेवढी नोंदीत राहिली. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ मध्ये हलवला. आमच्या बैठकीतली आजी कधी शाळेत धड गेली नव्हती, पण ही नावं तिला पाठ होती.

आणि कुणी म्हणेल ती अमेरिका, तर आपल्या शेजारचंच सांगते. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लशीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या) डोस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये बऱ्याचशा मुली आदिवासी, वसतिगृहातल्या, आणि कित्येकींच्या संमतीवर सही वॉर्डनची. २०१० मध्ये सरकारनं तो थांबवला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं झोडपलं. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, लस चांगलीच आहे. आईबापाला विचारलं नाही, हे वाईट.

पैशाचं विचारलंत. हो, देतात, आणि द्यायलाच हवेत. आमच्याकडे मंडळातल्या प्रत्येक बाईला बैठकीचं मानधन, बसभाडं, जेवण, आणि पोरं सांभाळायला एक माणूस, एवढं बजेटातच धरलेलं असे. प्राध्यापक पगारावर येऊन बसतो आणि बाई रोज बुडवून येते, मग ती फुकट का बोलेल? तुमची कमिटी म्हणेल की पैसे दिले तर आमिष होतं. त्यांना सांगा, जिची माहिती घ्यायची ती वेगळी आणि जी तुमच्याबरोबर बसून अभ्यास ठरवते ती वेगळी. दुसरी ही कामाची जोडीदार आहे. रोजगार हमीच्या रोजापेक्षा कमी देऊ नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं काढून दाखवा, समाजाला सुरुवातीपासून सोबत घ्यायला त्यात सांगितलंय आणि एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असावाच लागतो.

कॅलिफोर्नियात तर आणखी एक पायरी मागे गेले. मुदतीआधीच्या बाळंतपणावर तिथे मोठा उपक्रम होता. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, फ्रेस्नो इथल्या बायकांना आधी बसवून विचारलं की संशोधनानं कशाचं उत्तर शोधावं असं तुम्हाला वाटतं, आणि निघालेल्या प्रश्नांची क्रमवारीही त्यांनीच लावली. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका देशव्यापी सर्वेक्षणाची प्रश्नावलीही अशीच वस्तीतल्या बायकांबरोबर बसून घडवली होती. त्यात सहापैकी एकीनं सांगितलं की बाळंतपणात माझ्याशी वाईट वागले: अंगावर ओरडले, मदत मागितली तर लक्ष दिलं नाही, धमकावलं. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये याला रकानाच नसतो, मग आकडा येणार कुठून?

एक दिवस कॅलेंडरात नोंदवून ठेवा. ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स ही अटलांटातली संस्था २०१८ पासून ११ ते १७ एप्रिल हा कृष्णवर्णीय मातृआरोग्य सप्ताह पाळते. ११ एप्रिलला आपल्याकडे कस्तुरबांच्या जयंतीचा राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन, आणि जोतिबांची जयंतीही त्याच दिवशी. तिथे मी हे सांगितलं तेव्हा दाईबाईनं जोतिबा कोण ते विचारलं, आणि मग ती बैठक अर्धा तास लांबली.

डॉ_रावेर

भावना समजल्या. पण मी प्रसूती करतो, त्यामुळे थोडं कोरडं बोलतो. बाई मरते ती रक्तस्रावानं, झटक्यांनी, जंतुसंसर्गानं, आणि आपल्याकडे त्याखाली रक्तक्षय असतोच. सिकलसेलवाल्या बाईचं तर गरोदरपणात सगळंच अवघड: वेदनेचे झटके, छातीत संसर्ग, रक्त चढवण्याची वेळ. हे पाड्यावरच्या बाईला विचारून कळणार आहे का? मंडळ नेमून हिमोग्लोबिन वाढत नाही. आणि संशोधनात ज्याच्यावर अभ्यास करायचा तोच प्रश्न ठरवायला लागला तर निष्कर्ष झुकतो, हे तुम्हीही शिकवत असाल.

पपईवाली_शहादा

डॉक्टर, मरण कशानं आलं ते तुम्हीच सांगणार, त्यात वाद नाही. पण रक्तस्राव सुरू झाल्यापासून तुमच्या टेबलावर येईपर्यंत जे तास गेले ते कुठे गेले, हे तुम्हाला दिसत नाही. घरी निर्णय व्हायला किती, वाटेत किती, आणि (वाईट वाटून घेऊ नका) दवाखान्याच्या दारातून आत आल्यावर किती. या तीन उशिरांपैकी तिसरा उशीर केसपेपरवर कुणी लिहीत नाही. तो बाईला आणि तिच्याबरोबर आलेल्या सासूला तेवढा माहीत असतो.

डॉ. शॅलन अर्व्हिंग या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेत साथरोगतज्ज्ञ होत्या. दुहेरी डॉक्टरेट, विमा, नोकरी, सगळं होतं. जानेवारी २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत गेल्या. रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले, त्या तपासायला जात राहिल्या आणि घरी पाठवल्या जात राहिल्या. त्यांच्या आईनं नंतर संस्था काढली आणि नात सांभाळत त्या हेच काम करतात. त्या मरणाचं वैद्यकीय कारण एका ओळीत लिहिता येतं. त्या ओळीत बाई काय सांगत होती ते येत नाही.

आणि मंडळ नेमून हिमोग्लोबिन वाढत नाही हे खरं, पण बायका बसून बोलल्यानं मरणं कमी झालेली आहेत, आणि तीही आपल्याच देशात, यादृच्छिक चाचणीत (म्हणजे गावं चिठ्ठी टाकून दोन बाजूंत वाटलेली). झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेनं गावोगाव बायकांचे गट बसवले. त्या भागातलीच एक बाई दर महिन्याला बैठक घेई. चित्रांच्या पत्त्यांवरून, गोष्टीवरून अडचण कोणती ते बायकाच ठरवत, उपायही त्याच काढत. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी, आणि शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. बाहेरून नवीन औषध आणलं नव्हतं.

झुकण्याचं म्हणाल तर ‘अज्ञान, अंधश्रद्धा’ हे पर्याय सरळ होते का? ते तुमच्या-माझ्या बाजूला झुकलेले होते म्हणून खटकले नाहीत.

डॉ_रावेर

तिसऱ्या उशिराचं मान्य. माझ्याकडच्या रात्रपाळीचं मला माहीत आहे. बाकीचं वाचून सांगतो.

मोलगीची_गटप्रवर्तक

जय आदिवासी. मी आशांची गटप्रवर्तक, पाड्यापाड्यानं फिरते. पपईताई बोलल्या ते बरोबर, पण मोठ्या शहरातलं आहे. इथलं सांगते.

ताई, तुमच्या प्रश्नावलीत बाई दवाखान्यात का येत नाही हे आहे, घरी परत कशी जाते हे कुठेच नाही. येताना कसंतरी होतं. झोळी करून चार माणसं डांबरीपर्यंत आणतात, तिथून १०८ भेटते. परत जाताना सोडायला गाडी असते, सरकारी नियमच आहे, पण गाडी डांबरी संपते तिथे उतरवते. ओली बाळंतीण, कडेवर दोन दिवसांचं पोर, आणि पुढे चढ. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की तेही नाही. आमच्या एका पाड्यावरच्या बाईनं मला सांगितलं, “येतानाचं दुखणं चालतं, जातानाचं कोण बघतं?” तिनं पुढचं पोर घरी काढलं. तिला दवाखाना कळत नाही असं तुम्ही लिहाल. तिला तो चांगला कळला म्हणून ती गेली नाही.

आणि माहेरघराचं. सरकारनं आरोग्य केंद्राजवळ खोली बांधली आहे, बाळंतपणाच्या आधी काही दिवस येऊन राहा म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण घरी शेळ्या, मोठी पोरं, म्हातारी. मागचं कोण बघणार हे बाईला विचारून खोली बांधली असती तर त्या खोलीत बाळंतिणी दिसल्या असत्या. आता बघा जाऊन कोण दिसतं.

सिकलसेलचं जपून. कार्ड मिळालं की लग्न मोडतं असं इथे बायका मानतात, काहींनी कार्ड पेटीत खाली दाबून ठेवलंय, नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्ही उद्या पुस्तकात पाड्याचं नाव लिहाल, ‘अमुक पाड्यावर दोन रुग्ण’. पाड्यावर वीस घरं. कोण ते शेंबडं पोरही सांगेल. मागे असंच झालंय, कुणी एक मोठ्या कॉलेजचे लोक येऊन गेले, मेलेल्या बाईची माहिती लिहून नेली, ती कुठेतरी फोटोसकट छापून आली. नवऱ्याला ते बाजारात कळलं. त्या पाड्यावर आता माझ्या आशालाही दारात उभं करत नाहीत. तुम्ही काय छापणार ते आधी बायकांना वाचून दाखवा, आणि ‘हे नको’ म्हणाल्या तर काढा. एवढा अधिकार दिला तर मी म्हणेन सहभाग.

बाई निवडताना सरपंचाला, कारभाऱ्याला विचाराल तर त्यांच्या घरचीच बाई मिळेल. त्यांना मान द्या, परवानगी घ्या, पण बाई तुम्हीच शोधा. एक नको, चार-पाच तरी. एक सून, एक सासू (सासू नसेल तर काही पुढे जात नाही), एक सुईण, आणि जिचं पोर गेलं अशी एक, तिची तयारी असेल तरच. फक्त बारावी शिकलेली शोधू नका, ती तुमच्यासारखंच बोलेल.

दिवस बघून या. दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीकडे. गरोदर बायकाही जातात. तिथे बाळंत होतात आणि तुमच्या यादीत त्या ‘गैरहजर’. होळीला माणसं परत येतात, पण होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात बैठक लावाल तर तुम्ही आणि तुमचं रजिस्टर दोघंच बसाल.

अमळनेरची_लेक

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल गाईड सरांना तेविसावा प्रश्न दाखवला. आधी म्हणाले, हा प्रमाणित प्रश्न आहे, सगळे वापरतात. मग मी बसवाल्या बाईचं सांगितलं. बराच वेळ कागद उलटत बसले, मग म्हणाले, “पायलट म्हणून दाखव, बदललेले प्रश्न परिशिष्टात टाकू.” परिशिष्टात का होईना. मानधनाची ओळ मात्र बजेटातून काढायला सांगितली. ती मी काढणार नाहीये, ‘प्रवास व आकस्मिक’खाली सरकवलीये, आकस्मिकचा हिशोब आमच्याकडे कुणी बघत नाही.

अडचण अशी की मला पावरी येत नाही. अहिराणी बोलते, ती डोंगरात चालेल का? आणि गटप्रवर्तक ताई, पहिल्या बैठकीला नक्की काय घेऊन यायचं? छापलेली प्रश्नावली आणू की नको?

पारोळा_पॅसेंजर

आकस्मिक! शाब्बास. पारोळ्याला आलात तर चहा माझ्याकडे.

मोलगीची_गटप्रवर्तक

अहिराणी बाजारात चालते, बाळंतपणाच्या गोष्टीला नाही. माझी एक आशा आहे, ती सांगेल तुमचं त्यांना आणि त्यांचं तुम्हाला. तिलाही रोज द्यायचा, ती चमूतली समजायची, दुभाषी म्हणून बाजूला बसवायची नाही.

छापलेलं काही आणू नका. कागद दिसला की बायका रेशनकार्ड काढतात. तुम्ही स्वतः बाळंतीण झाला असाल तर ते सांगा, नसाल तर तसं सांगा, त्या विचारतीलच. पहिल्या दिवशी नाव, वय, जात, काहीच लिहायचं नाही. डाळ-भात मी करवून घेईन, तेल-मसाला तुमच्याकडून.

टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांचं पत्र मात्र आठवणीनं आणा, शिक्क्यासकट, नाहीतर कारणे दाखवा मला येईल. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी या, त्या दिवशी जीप वरपर्यंत जाते.